पीजीचे वर्ग सुरू होण्याआधी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पदव्युत्तर प्रवेशाच्या याद्या लागल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. 'कुठे प्रवेश घेऊ' हे संपतं आणि 'आता सुरुवात कुठून करू' हे सुरू होतं. यंदा पुण्यात एम.ए., एम.एस्सी.ला आलेल्यांची पत्रं जास्त आहेत, म्हणून या महिन्याचं सदर त्यांनाच दिलं आहे. एक गोष्ट बहुतेक उत्तरांत येईल, ती आधीच सांगतो. दोन वर्षं म्हणजे चार सत्रं आणि एका सत्रात शिकवण्याचे जेमतेम पंधरा आठवडे. यातलं जे काम दुसऱ्याच्या सहीवर, शिक्क्यावर किंवा होकारावर अडलेलं आहे ते आधी हातात घ्या. वाचन, जर्नल, नोट्स हे जागूनही भरून काढता येतं. दाखल्यांचं तसं नसतं.

माझं बी.एस्सी. मराठवाडा विद्यापीठातून झालं. आता पुण्यातल्या कॉलेजात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी. शिवाय वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं आहे. एबीसी आयडीला अडचण येईल का? बाकी कागद कोणते लागतील?

नावाचा क्रम उलटसुलट असणं आपल्याकडे नेहमीचंच. खरं नडतं ते स्पेलिंग. एबीसी (ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी म्हणजे क्रेडिट, अर्थात अभ्यासाचे श्रेयांक, जमा होण्याचं तुमचं बारा आकडी खातं. ते डिजिलॉकरमधून निघतं आणि नाव आधारवरून उचलतं. विद्यापीठ क्रेडिट भरतं ते गुणपत्रिकेवरच्या नावानं. दोन्ही जुळलं नाही तर क्रेडिट खात्यावर चढत नाहीत, आणि हे कळतं तेव्हा बहुधा सत्र संपलेलं असतं. दहावीचं प्रमाणपत्र हा आधार धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. आधारवर नावात दुरुस्ती आयुष्यात दोनदाच करता येते, म्हणून केंद्रावर जाण्याआधी नेमकं स्पेलिंग कागदावर लिहून न्या आणि पावती तिथेच तपासा. बी.एस्सी.ला असताना आयडी काढला असेल तर तोच चालतो, दुसरा काढू नका. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही पाहा. ओटीपी जुन्या बंद नंबरवर जातोय म्हणून थांबलेले अर्ज दर वर्षी असतात.

विद्यापीठ बदललंय, तेव्हा मायग्रेशन सर्टिफिकेट लागणारच. ते जुन्या विद्यापीठाकडून मिळतं आणि त्यासाठी जुन्या कॉलेजचं टीसी हाताशी असावं लागतं. मूळ टीसी नवं कॉलेज ठेवून घेतं. देण्याआधी त्याची रंगीत स्कॅन आणि तीन साक्षांकित प्रती करून ठेवा, कारण वसतिगृह आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला तोच कागद पुन्हा मागतात. मायग्रेशन येईपर्यंत तुमचा प्रवेश तात्पुरता आणि पात्रता, म्हणजे ज्याला कार्यालयात एलिजिबिलिटी म्हणतात ती, प्रलंबित असते. वर्ग भरतात, परीक्षाही देता येते, म्हणून मुलं निर्धास्त होतात आणि पुढे निकाल राखून ठेवला जातो. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही आत्ताच करून घ्या.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर, अर्ज करणार असाल तर दोन ठिकाणी लक्ष द्या. पहिलं, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यांची मुदत. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, ती कोणत्या सालच्या मार्चला हे दाखल्यावरच वाचा. दुसरं, बँक. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणं वेगळं आणि शासनाचे पैसे ज्या खात्यात उतरतात ते आधार-सीडेड खातं वेगळं. असं खातं एका वेळी एकच असतं. पुण्यात नवं खातं उघडलं आणि सीडिंग गावाकडच्या बंद पडलेल्या खात्याला राहिलं, तर रक्कम तिकडे जाते आणि परत फिरते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' दोन मिनिटांत दिसतं. अर्ज भरल्यावर विसरूनही जाऊ नका. कॉलेजच्या टेबलावरून तो त्रुटीसाठी 'सेंड बॅक' झाला आणि तुम्ही पाहिलंच नाही, तर तो तिथेच राहतो. आठवड्यातून एकदा लॉगिन करा.

रॅगिंगविरोधी हमीपत्र मात्र सोपं आहे. विद्यार्थी आणि पालक दोघांनीही ते दर वर्षी ऑनलाइन भरायचं असतं. ईमेलवर आलेला क्रमांक जपून ठेवा. मदतीचा फोन १८००-१८०-५५२२.

बी.ए. मराठी माध्यमातून केलं. आता एम.ए. अर्थशास्त्राला सगळं वाचन इंग्रजीत आहे. एक शोधनिबंध वाचायला चार दिवस लागतात आणि शेवटी हाती काहीच राहत नाही. नापास होण्याची भीती वाटते.

चार दिवस लागतात कारण तुम्ही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, प्रत्येक अडलेल्या शब्दाला थांबत वाचता आहात. शोधनिबंध असा वाचायचा नसतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना ही गोष्ट कोणी सांगत नाही, आणि दोष मात्र इंग्रजीच्या माथी बसतो.

पहिल्या फेरीला पंचवीस मिनिटं द्या, घड्याळ लावून. शीर्षक, सारांश, प्रस्तावनेचे शेवटचे दोन परिच्छेद, उपशीर्षकं, तक्त्यांचे मथळे आणि निष्कर्ष एवढंच वाचा. प्रस्तावनेच्या शेवटी लेखकानं आपला प्रश्न आणि आपलं नवं म्हणणं बहुतेक वेळा उघड लिहिलेलं असतं. मग पुस्तक मिटून मराठीत पाच वाक्यं लिहा: प्रश्न काय, माहिती कुठली आणि कोणत्या काळातली, पद्धत कोणती, सापडलं काय, मला काय कळलं नाही. हे मराठीतच लिहा. इंग्रजीत लिहिताना मूळचीच वाक्यं उचलली जातात आणि समजल्याचा भास होतो.

दुसरी फेरी तक्त्यांची. समजा रिग्रेशनच्या, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीवरचा परिणाम आकड्यांत मांडणाऱ्या, तक्त्यात 'शेतीपासूनचं अंतर' या ओळीपुढे -०.३२ आहे, त्याला दोन चांदण्या आहेत आणि खाली कंसात ०.११ आहे. वरचा आकडा कोइफिशंट: अंतर एका एककानं वाढलं की, बाकी गोष्टी तशाच राहिल्या तर, मोजली जाणारी गोष्ट ०.३२ नं कमी होते. कंसातली बहुधा प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर), म्हणजे त्या अंदाजातली अनिश्चितता. वरच्या आकड्याला तिनं भागा: ०.३२ भागिले ०.११ म्हणजे साधारण २.९. नमुना मोठा असेल तर १.९६ च्या वर गेलेला आकडा पाच टक्के पातळीला टिकतो, २.५८ च्या वर गेलेला एक टक्क्याला. हा दोन्हीला टिकला. चांदण्यांचा अर्थ मात्र लेखागणिक बदलतो आणि कंसात कधी कधी टी-मूल्यही, म्हणजे हा भागाकारच, दिलेलं असतं, म्हणून तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप आधी वाचायची. एवढं आलं की निम्मा निबंध उलगडतो, आणि यात इंग्रजी फारसं नाहीच.

तिसरी फेरी फक्त गरजेच्या निबंधांना. तेव्हा परिच्छेदाच्या सुरुवातीचे शब्द हेरा. 'हाउएव्हर' आलं की आधीच्या म्हणण्याला छेद जातोय, 'देअरफोर' आलं की निष्कर्ष येतोय. एका निबंधातून दहाच शब्द वहीत घ्या, त्यापुढे मराठी संज्ञा लिहा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन विनामूल्य पाहता येतात. आठवड्याला दोन निबंध धरले तर पंधरा आठवड्यांत तीस निबंध आणि तीनशे संज्ञा होतात. पहिल्या सत्राला एवढं भरपूर आहे.

परीक्षेत उत्तरं मराठीत लिहिता येतात का, हे विभागात आत्ताच विचारा. येत असतील तर निर्णय पहिल्या महिन्यातच घ्या. अर्धं सत्र इंग्रजी नोट्स काढून ऐन परीक्षेत मराठीकडे वळणाऱ्यांची दोन्ही बाजूंनी ओढाताण होते. भीतीबद्दल एवढंच: तुम्ही विषयात कच्चे आहात असं तुमच्या पत्रातून कुठेही दिसत नाही.

नेट कधी द्यावी? पहिल्याच वर्षी क्लास लावू का?

नेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा असते, जून आणि डिसेंबर सत्राची. एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० चा, मिळून ३०० गुण आणि तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिल्या वर्षी क्लासची गरज नाही. अभ्यासक्रम छापून टेबलापुढे लावा आणि वर्गातला प्रत्येक घटक झाला की त्यावर तारीख घाला. न झालेले घटक दुसऱ्या वर्षी आपोआप समोर येतील.

एम.एस्सी. रसायनशास्त्राला प्रवेश घेतलाय. बी.एस्सी.ची दोन वर्षं प्रात्यक्षिकं नावापुरतीच झाली. प्रयोगशाळेत पाय ठेवण्याआधी काय करू?

आधी कपडे. पूर्ण बाह्यांचा सुती ॲप्रन घ्या. पॉलिएस्टरचा स्वस्त मिळतो, पण आग लागली की तो वितळून कातडीला चिकटतो. बंद बूट, सेफ्टी गॉगल आणि नायट्राइलचे हातमोजे. चष्म्याचा गॉगल होत नाही, बाजूनं उडालेला थेंब आत जातो. जर्नलखेरीज पानांना क्रमांक घातलेली एक कच्ची वही ठेवा आणि वजनं थेट तिच्यातच लिहा, बॉलपेननं. जेलची शाई पाण्याच्या एका थेंबानं पसरते. चिठोऱ्यावर लिहून 'नंतर उतरवतो' म्हटलेली वजनं हरवतात.

मग द्रावणं. पहिल्या पंधरवड्यात सर्वांत जास्त चुका इथे होतात. उदाहरण घ्या: ऑक्झॅलिक ॲसिडचं ०.१ मोलर द्रावण, २५० मिली. बाटलीत बहुधा डायहायड्रेट असतं, त्याचा रेणूभार १२६.०७. म्हणजे १२६.०७ गुणिले ०.१ गुणिले ०.२५, अर्थात ३.१५ ग्रॅम. लेबल न वाचता निर्जल ॲसिडचा ९०.०३ धरला तर २.२५ ग्रॅम तोलले जातात आणि द्रावण होतं ०.०७१ मोलर. पुढची सगळी टायट्रेशन्स चुकतात, आणि ती एकमेकांशी छान जुळतात म्हणून चूक लक्षातही येत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड तोलून नेमकं द्रावण होतच नाही, कारण ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं. ते अंदाजे करून प्रमाणित करायचं. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडच्या टायट्रेशनला फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा. तरीही पहिल्या काही थेंबांचा रंग जायला वेळ लागतो. तयार होणारा मँगनीजचा आयनच पुढची अभिक्रिया वेगानं घडवतो, म्हणून सुरुवातीला घाई करू नका. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

वर्ग सुरू होण्याआधी अशी वीस गणितं हातानं करा.

एम.ए. इतिहास. पेशवाईवर प्रकल्प करायचा आहे. प्रकल्प तिसऱ्या सत्रात आहे, तर विषय तेव्हाच ठरवला तर चालेल ना?

नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पहिल्या सत्राला संशोधन पद्धती, तिसऱ्या सत्राला चार क्रेडिटचा प्रकल्प आणि चौथ्याला सहाचा असतो. कागदावर तिसऱ्या सत्राला सुरू होणारं तुमचं काम पहिल्याच सत्रात सुरू व्हायला हवं, त्याचं कारण मोडी लिपी. पुण्यात पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर आणि सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) इतकं जवळ असताना केवळ छापील साधनांवर थांबणं ही मोठी हानी आहे, आणि मोडी तिसऱ्या सत्रात घाईनं येत नाही. आधी शिरोरेघ ओढून मग अक्षरं लटकवलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्वदीर्घ एकच. सवय व्हायला रोज अर्धा तास आणि सहा महिने धरा. मुळाक्षरं पंधरा दिवसांत येतात, पण हात बदलला की वाचन अडतं, म्हणून एकाच कारकुनाची पत्रं वाचून समाधान मानू नका.

तारखाही आत्ताच शिका. पत्रावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं असेल तर ते शुहूर सन: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. इसवी सन काढायला त्यात इंग्रजी वर्षाच्या पूर्वार्धासाठी ६०० आणि मृगानंतरच्या उत्तरार्धासाठी ५९९ मिळवायचे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ती या सनात बसते. हे गणित न येणारे एक वर्ष पुढेमागे होतात आणि त्यावर अख्खं प्रकरण उभं करतात. मार्गदर्शकांना दसऱ्याच्या आत भेटा, आणि 'पेशवाई' एवढाच विषय घेऊन जाऊ नका. एक गाव किंवा एक खातं आणि दहा वर्षं, इतकं लहान करून न्या. अभिलेख पाहण्याच्या परवानगीला विभागाचं पत्र लागतं, त्याची विनंती त्याच भेटीत करा.

मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळालाय. वसतिगृहाची यादी लागलेली नाही. पुण्यात आमचं कोणी नाही. तोवर राहण्या-जेवण्याची काय सोय करावी? (एक पालक, परभणी)

यादी लागेपर्यंत अकरा महिन्यांच्या करारात अडकू नका. महिन्याच्या बोलीवर कॉट बेसिस जागा पाहा आणि डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापुरतंच द्या, तेही पावती घेऊन. विचारायच्या गोष्टी अशा: किती दिवस आधी सांगितलं तर डिपॉझिट पूर्ण परत मिळतं, पाणी किती वाजता येतं, लाइट बिल भाड्यात आहे की वाटणीनं, ग्रंथालयातून रात्री उशीर झाला तर दार उघडतं का. शेवटचा प्रश्न जरूर विचारा. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं घरमालकाचं काम आहे. जो ते टाळतो त्याची जागा नको. नंतर कायमची खोली घेतलीत तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा.

पेठांमध्ये मेस भरपूर आहेत, पण गणेशखिंडीतल्या विद्यापीठात रोज सकाळी पोहोचायचं असेल तर विद्यापीठ चौकातली कोंडी धरून वेळ मोजा. औंध, खडकी, मॉडेल कॉलनी ही बाजू आधी पाहा. मेसचे पैसे महिन्याचे भरण्याआधी तीन दिवस कूपनवर जेवून बघा. खाडा सलग किती दिवसांचा धरतात, रविवारी संध्याकाळी आणि दिवाळीत बंद असते का, हे विचारा. अनंत चतुर्दशीला मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, त्या सुमारास सामान हलवायचं ठरवू नका.

तुम्ही आणि मुलीनं मिळून एक दिवस फक्त कार्यालयांसाठी ठेवा. विभागाचं कार्यालय, वसतिगृह, आरोग्य केंद्र आणि विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय ही चार ठिकाणं तिला चालत दाखवा. पैशांची ओढ असेल तर 'कमवा व शिका' योजनेची चौकशी त्याच दिवशी करा, तिचे अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच घेतात.

मी नव्यानं रुजू झालेली सहायक प्राध्यापक आहे. एम.ए. भाग एकच्या चाळीस विद्यार्थ्यांचा उद्बोधन वर्ग माझ्याकडे दिलाय. दर वर्षी भाषणं होतात आणि मुलं झोपतात. वेगळं काय करू?

भाषणं अर्ध्या तासात आटोपा आणि मुलांना काम द्या. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांची चाचणी घ्या, पदवीच्या गाभ्यातल्या पंधरा प्रश्नांची, गुण न धरता. चाळीस पेपर एका संध्याकाळी तपासून होतात. निम्म्याहून जास्त मुलांचे जे प्रश्न चुकले, तेच पहिल्या दोन आठवड्यांचे जादा तास. वेगवेगळ्या विद्यापीठांतून आलेली मुलं एकाच पातळीवर आहेत असं गृहीत धरून शिकवणं सुरू करणं, ही पीजीच्या पहिल्या सत्रातली सर्वांत महाग चूक आहे.

दुसऱ्या दिवशी एका पानावर दोन वर्षांचा नकाशा द्या: सत्राला २२ क्रेडिट, एकूण ८८. त्यावर प्रत्येक गृहपाठाची तारीख, गणपती आणि दिवाळीची सुट्टी, आणि दुसऱ्या सत्रातलं चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्र प्रकल्प. एका क्रेडिटला तीस तास धरले तर हे १२० तास होतात. संस्थांना पत्रं ऑक्टोबरात गेली नाहीत तर जानेवारीत मुलं मिळेल त्या जागी बसतात आणि प्रमाणपत्रापुरतं काम करतात. पत्राचा मसुदा तुम्हीच आत्ता करून ठेवा.

तिसऱ्या दिवशी एक लेख वाचायला देऊन तीनशे शब्द लिहून घ्या आणि आठ दिवसांच्या आत खुणा करून परत द्या. उतारे उचलण्याबद्दल बोलायचं ते या कागदांवर, मुलांच्याच वाक्यांवर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्क्यांना ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यावं लागतं. चाळीसच्या वर एक वर्ष बंदी, साठच्या वर नोंदणीच रद्द. मुलं यातून 'दहा टक्के उचललं तर चालतं' असा अर्थ काढतात. त्यांना एक परिच्छेद दाखवा, जो शब्द बदलल्यामुळे सॉफ्टवेअरला सापडत नाही, पण विचार अख्खा दुसऱ्याचा आहे आणि नाव नाही. तीही चोरीच, हे तिथे कळतं.

एक गोष्ट कृपया राहू देऊ नका. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीतल्या सदस्यांची नावं आणि त्या कुठे भेटतात, हे फळ्यावर लिहा आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही द्या. गावाहून आलेली मुलं पहिल्या दोन महिन्यांत फार एकटी पडतात आणि बोलत नाहीत. चार-चारचे गट पाडताना एका गटात किमान एक पुण्यातला विद्यार्थी ठेवा.

लॅपटॉप कोणता घेऊ? प्रबंध मराठीत लिहायचा आहे.

एसएसडी हवी, रॅम ८ जीबीच्या खाली नको, बाकी खिशाप्रमाणे. फाइलची एक प्रत ड्राइव्हवर आणि एक पेनड्राइव्हवर दर रविवारी ठेवा. संदर्भ नोंदवून ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, ते पहिल्याच आठवड्यात टाका. मराठी टायपिंग युनिकोडमध्येच शिका, इनस्क्रिप्ट कळफलक पंधरा दिवसांत बोटांत बसतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही, शोधता येत नाही आणि साम्य तपासणीतही धड जात नाही. टायपिंग बाहेरून करून घेणार असाल तर युनिकोड हवंय हे आधी सांगा. नंतर रूपांतर करून घेतलंत तर रफार आणि जोडाक्षरं ओळीनं तपासा, ती हमखास हलतात.